गाणं आधी वस्तीत म्हण

नाशिक,
रविवार, दुपार

चि. सायली हिस,


तुझं गाणं मिळालं. तीनदा ऐकलं. एकदा मोबाइलवर, एकदा शेजारच्या मुलाने त्याचा स्पीकर जोडून दिला तेव्हा, आणि तिसऱ्यांदा रात्री झोप येईना म्हणून. आवाजात तू तुझ्या आजोबांवर, तात्यांवर गेली आहेस. वरच्या पट्टीत गेलं की त्यांचाही आवाज असाच किंचित फाटायचा आणि तेच ऐकायला बरं वाटायचं. तुमच्यातला तो मुलगा मधेच रॅप म्हणतो, त्याचे शब्द मला दुसऱ्या खेपेला कळले, पण पोराचा दमसास दांडगा आहे.

तू दोन प्रश्न विचारलेस. गाणं कसं झालंय, आणि आता पुढे काय करायचं. पहिल्याचं उत्तर, छान झालंय. दुसऱ्याचं लांब आहे, म्हणून पत्र. फोनवर तू ‘हो, हो’ म्हणत राहतेस आणि मला पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू येते.

तुमचं गाणं गटारात उतरणाऱ्या कामगारांवर आहे आणि त्यात ‘दुर्गंधी’ हा शब्द नऊ वेळा आहे. मी मोजला. शिक्षकाची खोड, जात नाही. आता एक आठवण सांगते. माझ्या वर्गात एक मुलगा होता, त्याचे वडील ड्रेनेजचं काम करायचे. पालकसभेला ते कधी यायचे नाहीत, म्हणून एकदा मीच त्यांच्या घरी गेले. बोलता बोलता तुझ्यासारखंच मी म्हणाले, केवढ्या घाणीत उतरता हो तुम्ही, वास कसा सहन होतो? ते हसले. म्हणाले, “बाई, वास येतोय तोवर भ्यायचं काही नाही. वास यायचा बंद झाला की भ्यायचं.”

त्याचं शास्त्र मला पुढे कळलं. गटारात हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, फार वाढला की नाकाची संवेदनाच मरते. माणसाला वाटतं हवा स्वच्छ झाली, आणि तो तिथेच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. या कामगारांच्या बातम्यांत मृतांचा आकडा पुष्कळदा दोन किंवा तीन असतो तो यामुळे.

आता तुझं ‘दुर्गंधी’ बघ. तो वरून बघणाऱ्याचा शब्द आहे. मॅनहोलच्या काठावर रुमाल धरून उभ्या असलेल्या माणसाला जे जाणवतं ते तू लिहिलंस. खाली उतरलेल्या माणसाची भीती वेगळी आहे आणि ती तुझ्या गाण्यात कुठेच नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ तू पाहिला आहेस ना? २०१४ चा. एका लोकशाहिरावर खटला चालतो, त्याचं गाणं ऐकून सफाई कामगाराने जीव दिला म्हणून. त्यात त्या कामगाराची बायको साक्षीत सांगते की नवरा उतरण्याआधी आत खडा टाकायचा आणि झुरळं बाहेर येतात का ते बघायचा. झुरळ आलं तर आत हवा आहे. सगळ्या सिनेमात मला हीच गोष्ट जास्त आठवते. तो शाहीर ज्यांनी उभा केला ते वीरा साथीदार नागपूरचे, स्वतः चळवळीतले. २०२१ मध्ये कोरोनात गेले. तुम्हा चौघांपैकी कुणाला ते झुरळ सुचलं असतं का? सुचणारच नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं, आणि त्यासाठी त्याच्या घरी दोन-तीनदा जाऊन बसावं लागतं. पहिल्या भेटीत कुणी झुरळाचं बोलत नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही, की पुढचे दोन महिने गाणं बाजूला ठेवा आणि वस्तीत जा. रेकॉर्डर न घेता जा. शाळेचा फॉर्म भरून द्या, रेशन कार्डासाठी कुणाबरोबर खेटे घाला, पाण्याच्या रांगेत उभे राहा. हे मी साधुत्वाच्या हौसेनं सांगत नाही, माझं तोंड त्यात एकदा चांगलं पोळलंय.

ती गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण सांगण्यासारखी नाही. १९८३ सालची. मी सव्वीस वर्षांची, मुंबईत नुकती मास्तरीण झालेली. गिरणी संप मोडत चालला होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला तो संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, त्यांत आपले तात्याही. घरात पैसा नव्हता आणि बाहेर जिकडे तिकडे पथनाट्यं, गाणी, मोर्चे. आमचंही एक कलापथक होतं, आठ जणांचं. त्याच वर्षी ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ आलं होतं आणि आम्ही मुली त्याने भारावलो होतो. आम्हीही दारूवर आणि मारझोडीवर एक नाटक बसवलं. उपनगरातल्या एका वस्तीत प्रयोग केला. बायका खूप हसल्या, खूप टाळ्या पडल्या, दोघी-तिघी रडल्या. आम्ही खूश. डफ गुंडाळत होतो तेवढ्यात एक बाई आली. कडेवर मूल, कपाळावर जुनी खोक. मला म्हणाली, “ताई, तुमचं सगळं खरं हाय. पन आता माझा मालक येईल पिऊन, आन शेजारची सांगंल की ही तिथं बसून हसत होती. तुमच्यातलं कोन थांबतंय आज?”

आमची शेवटची बस नऊ चाळीसची होती. आम्ही ती पकडली.

बसमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघी परत गेलो, डफ न घेता. आधी तर ती बाई आम्हाला भेटायलाच तयार नव्हती. पुढे त्या वस्तीत महिला मंडळ झालं, दारूच्या गुत्त्यावर बायका चालून गेल्या, ते सगळं झालं, पण आमच्या नाटकामुळे नव्हे. त्या तिघींपैकी एक जण दर मंगळवारी तिथे जात राहिली, अकरा महिने, म्हणून झालं. ती मी नव्हते. मी चौथ्या महिन्यात कंटाळले.

तेव्हापासून मला एक सवय लागली आहे. कुणी क्रांतीचं गाणं म्हटलं की मी बघते, यांची शेवटची बस किती वाजताची आहे.

आपल्याकडे हे ज्याला सगळ्यात नीट कळलं होतं तो माणूस स्वतःला कलावंत म्हणवत नव्हता. गाडगेबाबा. तू शाळेत त्यांच्यावर निबंध लिहिलास, त्यामुळे तुझ्या डोक्यात झाडू, गाडगं आणि चिंध्या एवढंच उरलं असणार. पण त्यांची पद्धत बघ. गावात यायचं ते कुणाला न सांगता. आले की खराटा घेऊन रस्ते झाडायला लागायचे. लोकांना वाटायचं कुणी वेडा आहे. दिवसभर गाव झाडून झालं की रात्री कीर्तन. त्यात ते सांगत नसत, विचारत. वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न, आणि उत्तर समोरच्या हजार माणसांच्या तोंडून काढायचं. कर्ज काढून जेवणावळ घालावी का? देवाला बकरं लागतं का? सण करायला ऋण काढणारा सावकाराच्या घरी काय ठेवून येतो? लोक ओरडून उत्तर देत आणि देता देता स्वतःच्याच अंगाला चटका बसे. कुणी पाया पडायला आलं तर त्यांना राग येई. या कीर्तनांतून लोक देत त्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या, पंढरपुरात, आळंदीत, इथे आमच्या नाशकातही. स्वतः मात्र त्या झाडाखाली राहणाऱ्या माणसाने त्यातलं काही वापरलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी बाबासाहेबांच्या शिक्षण संस्थेच्या हवाली केली.

क्रम लक्षात घे. खराटा सकाळी, कीर्तन रात्री. तोच माणूस सकाळी न झाडता रात्री स्वच्छतेवर बोलला असता तर लोकांनी ऐकून घेतलं असतं आणि पान खाऊन तिथेच थुंकले असते.

दुसरं, गाण्यातून लोकांना करायला काय सांगतेस? तुझ्या गाण्याच्या शेवटी ‘उठा, जागे व्हा’ आहे. अगं, ते पहाटे चारला उठतात. शहर उठायच्या आत गटार साफ करायचं असतं. त्यांना कशाला उठवतेस?

माहिती दे. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. २७ मार्च २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्या. २० ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने तो आकडा तीस लाखांवर नेला. तुझ्या दुसऱ्या कडव्यात अजून दहा लाख आहे. जुनी बातमी वाचून लिहिलंस. एखादी विधवा तुझं गाणं ऐकून कचेरीत गेली आणि दहा लाख मागून आली, तर वीस लाखांचा खड्डा तुझ्या यमकामुळे पडला असं होईल. ‘लाख’ला यमक तेच राहतं, काळजी करू नको. आणि हा पैसा कंत्राटी कामगाराच्या घरालाही मागता येतो, हे कडवं हवंच, कारण कंत्राटदार पहिलं वाक्य हेच बोलतो की तो आमच्या रोलवर नव्हता.

रुक्ष वाटेल तुला हे. गाण्यात कायद्याचं कलम कसं बसवायचं? आपल्या जुन्या लोकांनी बसवलं आहे. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. त्याच काळात नाशिक जिल्ह्यातल्या तरुणांनी आंबेडकरी जलसे उभे केले. भीमराव कर्डक त्यांतले पुढचे. तमाशाचाच बाज, ढोलकी, बतावणी, सवाल-जवाब, पण सांगणं वेगळं. मेलेलं ढोर ओढू नका, मुलं शाळेत घाला, गावकीची कामं सोडा. म्हणजे प्रत्येक गोष्ट उद्या सकाळी करता येण्यासारखी, आणि करायला गेलं तर गाव अंगावर येईल अशीही. बाबासाहेबांनी म्हटलं होतं असं सांगतात की माझ्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच. शब्द नेमके हेच होते का यावर वाद घालणारे घालोत. ज्या काळात ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, त्या काळात वर्तमानपत्र म्हणजे जलसाच होता, हे तर उघड आहे.

आणि बतावणी विसरू नको. तुमचं गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत कण्हतं. ज्यांच्यावर आहे ती माणसं अशी कण्हत नाहीत. त्या मुलाचे वडील किती विनोदी होते सांगू! मुकादमाची नक्कल अशी करायचे की माझा चहा सांडला होता. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा उचलला तो उगीच नाही. भटजी आणि सावकार यांना बतावणीत असं उभं करायचं की ज्यांच्यासमोर आयुष्यभर मान खाली घातली त्यांच्यावर लोकांनी खदखदून हसावं. ज्याला एकदा माणूस हसला, त्याला तो दुसऱ्या दिवशी पूर्वीइतका भीत नाही. तुमच्या गाण्यात मुकादम कुठे आहे? कंत्राटदार कुठे आहे? नुसती ‘व्यवस्था’ आहे. व्यवस्थेची नक्कल कशी करणार?

अण्णा भाऊंचं बघ. वाटेगावहून बापाबरोबर पायी मुंबईला आलेला मुलगा, शाळा दीड दिवसाची, घर घाटकोपरच्या चिरागनगरातल्या झोपडीत. १९४४ मध्ये त्यांनी, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अमर शेख बार्शीचे, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, मोटारीवर क्लीनर होते, गिरणीत होते. तात्यांनी त्यांना परळला ऐकलं होतं. माईक बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत आवाज जायचा, हे तात्या मरेपर्यंत सांगायचे. दर वेळी शेवटचा माणूस थोडा आणखी लांब जायचा, ते सोड.

तर अण्णा भाऊंनी तमाशातला गण घेतला, पण त्यात गणपतीऐवजी मायभूमीला वंदन केलं. साचा लोकांच्या ओळखीचा, म्हणून पहिल्या थापेलाच मांडी ठोकून बसतात, आणि मग आत जे येतं ते नवीन. ‘माझी मैना’ ही छक्कड तू ऐकली आहेस. ती सुरू होते गावाकडे राहिलेल्या बायकोच्या आठवणीने. पोटासाठी मुंबईत आलेल्या प्रत्येक गिरणी कामगाराचं ते दुखणं. ऐकणारा आपल्या बायकोच्या आठवणीत असतानाच गाणं वळतं आणि बेळगाव, कारवार हे मुलूख महाराष्ट्राबाहेर राहिल्याच्या दुःखाशी येऊन पोचतं. दुरावा एकच, घरातलाही आणि नकाशावरचाही. संयुक्त महाराष्ट्रावर भाषणं ढिगाने झाली. तात्यांना त्यांतलं एक आठवत नव्हतं, ही छक्कड पाठ होती. तू थेट नकाशापासून सुरुवात करतेस. घरापासून कर. उतरण्याआधी तो माणूस अंगठी काढून कुणाच्या हातात देतो, बायको डबा कुठल्या वेळेला भरते, तो घरी आला की लेकराला लगेच उचलतो की आधी आंघोळ करतो. तिथून सुरू केलंस तर कंत्राटदारापर्यंत आपोआप पोचशील.

आता नाजूक विषय. तू लिहिलंस की वस्तीतल्या मुलांना तुम्ही हलगी शिकवणार, ‘त्यांची परंपरा त्यांना परत देणार’. हे वाचून मी चष्मा काढून ठेवला.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका शिबिरात अशाच उत्साही मंडळींनी एका मुलाच्या हातात हलगी दिली. सोळा-सतरा वर्षांचा असेल. त्याने ती सतरंजीवर ठेवली आणि म्हणाला, “माझ्या आज्याला गावात कुनाच्या बी मयताला, कुनाच्या बी लग्नाला हे वाजवावं लागायचं. नाही म्हनायची सोय नव्हती. बापानं गाव सोडलं ते हे वाजवायचं नाही म्हनून. आन तुमी मला परत तेच देता?” त्याला कीबोर्ड शिकायचा होता. शिबिरात कीबोर्ड नव्हता, कारण तो ‘लोकवाद्य’ नाही.

हलगी, डफडं, संबळ ही वाद्यं सुंदर आहेत, मला त्यांच्या आवाजाने अजून काटा येतो. पण ती कुणाच्या गळ्यात सक्तीने अडकवली होती हे विसरून आपण ती हौसेनं वाजवायला घेतो. ज्यांना ती अभिमानाने वाजवायची आहेत ते वाजवतातच, आणि त्यांच्यापुढे आपण शांत बसून ऐकावं. ज्यांना टाकायची आहेत त्यांना टाकू द्यावी. भीमगीतं गाणाऱ्यांनी कव्वाली घेतली, सिनेमाच्या चाली घेतल्या, पुढे कॅसेटचा जमाना आला तेव्हा कॅसेट काढल्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीच्या रस्त्यावर पुस्तकांच्या शेजारी कॅसेटचे ढीग मी पाहिले आहेत. त्यांनी कुणाला विचारलं नाही की हे अस्सल आहे का. तुझा तो रॅपवाला मुलगा त्याच वाटेने चाललाय. त्या वस्तीत आधीच कुणीतरी मोबाइलवर बीट लावून काहीतरी म्हणत असेल. त्याला शोध, हलगीचा वर्ग काढू नको.

बायकांकडे मात्र गाणं असतंच, फक्त त्या त्याला गाणं म्हणत नाहीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत सासर आहे, भाऊ आहे, पंढरी आहे, आणि बाबासाहेबही आहेत. त्या ओव्या म्हणणाऱ्या कितीतरी बायांना अक्षर येत नव्हतं. तेव्हा तुम्ही शब्द घेऊन जायची फार घाई करू नका, तिथे शब्द आहेत. कुणा मावशींनी एक ओळ दिली तर त्यांना विचारून त्यांचं नाव गाण्याला लाव. नको म्हणाल्या तर लावू नको. आणि ती ओळ ‘सुधारून’ घेऊ नको.

पैशाचं बोलते. तुम्ही खर्चाचा कागद पाठवला त्यात स्टुडिओ आहे, व्हिडिओ आहे, पोस्टर आहे. पैसा गोळा करणं वाईट नाही, आपल्याकडे त्याचा एक झकास नमुना आहे. श्रीराम लागू, निळू फुले अशा मोठ्या नटांनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले आणि त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, चळवळीत पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावं म्हणून. गंमत बघ, नाटक क्रांतिकारक वगैरे काही नव्हतं. चक्क प्रहसन. लोक पोट धरून हसायला आले आणि त्या तिकिटांतून कुठल्यातरी आदिवासी पाड्यावरच्या कार्यकर्त्याच्या घरी धान्य गेलं. प्रत्येक वेळी गाण्यातच मशाल पेटली पाहिजे असं नाही. तुझा आवाज चांगला आहे, लग्नाच्या संगीतात भावगीतं म्हण, पैसे घे आणि त्यातले काही कामगारांच्या संघटनेला दे. मला तर त्यात काही कमीपणा दिसत नाही.

पोलिसांचं थोडक्यात. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक नाही, परवानगीचा कागद जवळ ठेवायचा, नाटकासारखं काही करणार असाल तर संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे आधी पाठवायची, आणि एका वकिलाचा नंबर चौघांच्याही डोक्यात पाठ पाहिजे, फोनमध्ये नव्हे. पुण्यातल्या कबीर कला मंचाच्या मुलांना तुरुंग बघावा लागला हे तुला माहीत आहे. १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळ झंडापूरला कामगारांपुढे ‘हल्ला बोल’ करताना सफदर हाश्मींवर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. ४ जानेवारीला त्यांची पत्नी मलयश्री बाकीच्यांना घेऊन त्याच जागी आली आणि अर्धवट राहिलेलं नाटक पुरं केलं. मी तुला घाबरवत नाही. पण तुझ्या बाबाला हे सगळं माहीत असू दे, लपवून करू नको. दादा वरून तापट आहे, तरी संपाच्या काळात तात्यांचा डबा घेऊन गेटवर जाणारा तोच होता.

आणि एकमेकांना जपा. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा माणसं गेली. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत जीवन संपवलं. त्यांच्यापासून सुरू झालेला आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. इतरांचं दुःख रोज गळ्यातून काढणाऱ्याच्या मनात त्यातलं बरंच उरतं. कार्यक्रम झाल्यावर चौघांनी एकत्र जेवायचं, घरी पोचल्यावर एकमेकांना कळवायचं. जो गप्प झालाय त्याच्या घरी जायचं. आमच्यात हे कुणी केलं नाही.

परवा देशवंडीवरून जाणं झालं, सिन्नर तालुक्यातलं वामनदादा कर्डकांचं गाव. वामनदादा मोठेपणी मुंबईत आल्यावर अक्षरं शिकले आणि मग हजारो गाणी लिहिली. रस्त्यालगत एक बाई शेंगा निवडत गुणगुणत होती. मी थांबून विचारलं, हे कुणाचं गाणं? म्हणाली, “कुनाचं म्हंजे? आमचंच हाय.” गाणं वामनदादांचं होतं. मी तिला सांगितलं नाही.

तुझ्या गाण्याला व्ह्यूज किती मिळाले ते मला कळवू नको, मला त्यातलं समजत नाही. दोन महिन्यांनी, ‘दुर्गंधी’ काढून, आकडा सुधारून, मुकादमाला आत घेऊन जे होईल ते आधी वस्तीत म्हण. पाणी आल्यावर, संध्याकाळी, बायका ओट्यावर बसलेल्या असताना, माईकशिवाय. त्यांच्यातल्या कुणी मधेच थांबवून ‘असं नसतं गं ते’ म्हटलं, तर ते वाक्य जसंच्या तसं लिहून मला पाठव.

तुझी,
आत्या

ता. क. खर्चाच्या कागदात ढोलकीवाल्या मुलाचं मानधन कुठेच दिसलं नाही. तो तुमच्या कॉलेजातला नाही, वस्तीतला आहे, असं तूच लिहिलं होतंस. त्याचे आधी दे.